वॉर्डातला संसर्ग आणि अंगातली प्रतिकारशक्ती : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठवाड्यातल्या वॉर्डांत आम्हा सिस्टर लोकांना तीन प्रकारची माणसं सतत प्रश्न विचारतात. नर्सिंगच्या विद्यार्थिनी, गावातून पेशंट घेऊन आलेल्या आशाताई आणि कॉटशेजारी सतरंजी टाकून बसलेले नातेवाईक. प्रश्न वेगवेगळ्या भाषेत येतात, मुद्दे बहुतेक तेच असतात. म्हणून इथे तिघांचेही एकत्र घेतलेत. ज्याला जो लागू पडेल तो त्याने वाचावा.

पेशंट बरा व्हायला येतो, मग दवाखान्यातच नवा आजार कसा लागतो?

आपल्या अंगाला जन्मतःच बंदोबस्त मिळालेला असतो. कातडी सलग आहे तोवर बहुतेक जंतू आत शिरू शकत नाहीत. नाकातले केस, श्वासनळीतला चिकट स्राव, तो वर ढकलणारे बारीक केसतंतू, जठरातलं आम्ल, डोळ्यांतलं पाणी, मूत्रमार्ग धुऊन काढणारी लघवीची धार, हे सगळे बिनपगारी पहारेकरी. मराठवाड्यात गावोगाव ज्या गढ्या उभ्या आहेत, तसंच हे. भिंत जाड आणि आत जायला मोजक्याच वाटा. आता पेशंट भरती झाला की आम्हीच त्या भिंतीला भगदाडं पाडतो. हाताला इंट्राकॅथ (शिरेत घातलेली सलाईनची नळी), लघवीला कॅथेटर, नाकातून जठरात राईल्स ट्यूब, व्हेंटिलेटरवर असेल तर घशात नळी. प्रत्येकीला कारण असतं, पण भगदाड ते भगदाडच. तिथे माणूस उभा करावा लागतो आणि तो माणूस म्हणजे ड्युटीवरची नर्स.

भरती होऊन ४८ तास उलटल्यावर सुरू झालेला आणि येताना अंगात नसलेला संसर्ग साधारणपणे दवाखान्यातला धरतात. ऑपरेशनच्या जखमेसाठी मुदत ३० दिवसांची, आणि रॉड-प्लेटसारखं काही बसवलं असेल तर ९० दिवसांपर्यंत. त्यामुळे घरी गेल्यावर पंधराव्या दिवशी टाक्यातून पाणी यायला लागलं, तर 'आता आमचा संबंध नाही' असं म्हणता येत नाही.

प्रतिकारशक्ती परीक्षेपुरती पाठ आहे. वॉर्डात तिचा उपयोग काय?

खूप आहे, आणि इथेच विद्यार्थिनी सगळ्यात कमी लक्ष देतात. जन्मजात प्रतिकारशक्ती आणि कमावलेली प्रतिकारशक्ती असे दोन रकाने वहीत आखून मोकळ्या होतात.

जंतू आत शिरला की काही तासांतच न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी धावून येतात. मॅक्रोफेज नावाच्या पेशी जंतू गिळतात आणि रसायनं सोडून आणखी पेशींना बोलावतात. रक्तवाहिन्या सैल होतात, म्हणून जागा लाल होते, गरम लागते, सुजते, ठणकते. पू म्हणजे मुख्यतः लढून मेलेले न्यूट्रोफिल. दुसरी, म्हणजे कमावलेली फळी लिम्फोसाइट या पांढऱ्या पेशींची. बी-पेशी प्रतिपिंडं (अँटिबॉडी) तयार करतात आणि टी-पेशी संसर्ग झालेल्या पेशी शोधून मारतात. नवा जंतू असेल तर या फळीला तयार व्हायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पण ती ओळख लक्षात ठेवते. लस याच स्मरणशक्तीवर चालते.

आता कॉटजवळ या. केमोथेरपी चाललेल्या पेशंटचे न्यूट्रोफिल (रक्ताच्या एका मायक्रोलिटरमागे) ५०० च्या खाली गेलेत. त्याच्या जखमेत पू दिसणार नाही, कारण पू बनवणारेच उरले नाहीत. जखम कोरडी, स्वच्छ दिसते आणि पेशंट आतून सेप्टिक होत असतो, म्हणजे संसर्ग अंगभर भिनत असतो. अशा पेशंटला १०१ फॅरनहाइट ताप आला तर पुढच्या राउंडची वाट पाहायची नाही, त्याच मिनिटाला डॉक्टरांना बोलवायचं. स्टिरॉइडवर असलेल्या दम्याच्या पेशंटला तर तापही दिसणार नाही. औषध ताप आणि सूज दोन्ही दाबतं, त्यामुळे पोट आतून बिघडलं तरी चेहरा शांत असतो. सत्तरी ओलांडलेल्या आजोबांना निमोनिया झाला तर ताप येईलच असं नाही. काल नातवाला नावाने हाक मारणारे आजोबा आज असंबद्ध बोलायलेत, जेवण टाकलंय, श्वास भराभर चाललाय, एवढंच दिसतं. नातेवाईक म्हणतात 'वय झालंय'. तुम्ही मात्र श्वास मोजायचे, पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून.

साखर वाढलेली असेल तर न्यूट्रोफिल संख्येने भरपूर असूनही नीट काम करत नाहीत. डायबेटिक पायाच्या जखमा चिघळतात त्यात हे एक मोठं कारण. २०२१ मध्ये कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत काळ्या बुरशीचे पेशंट आले, त्यांतही बहुतेकांची साखर वाढलेली आणि जोडीला स्टिरॉइड, हीच जोडगोळी दिसली.

ताप आला की लगेच उतरवायचा का?

ताप हा शरीराने मुद्दाम चढवलेला पारा असतो. वाढलेल्या तापमानात बऱ्याच जंतूंची वाढ मंदावते आणि पांढऱ्या पेशी चपळ होतात. म्हणून आकडा पाहून घाबरण्याआधी कारण शोधायचं आणि चार्टवर वेळेसकट नोंद करायची. अंगदुखी, बेचैनी असेल, मूल लहान असेल किंवा हृदयाचा पेशंट असेल तर औषध द्यावं लागतंच.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये एक वेगळी गफलत होते. दुपारी रानात काम करणारा माणूस बडबडत, अंग भट्टीसारखं तापलेलं, अशा अवस्थेत येतो. हा उष्माघात असू शकतो, आणि त्यात पॅरासिटामॉलचा उपयोग नाही. मेंदूने तापमान वाढवायचं ठरवलेलं नसतं, शरीराला उष्णता बाहेर टाकता येत नसते. कपडे सैल करा, पाणी मारा, पंखा लावा, काखेत आणि जांघेत थंड पट्ट्या ठेवा आणि गाडी काढा.

हात नेमके कधी धुवायचे? दिवसभर धूत बसलं तर काम कधी करायचं?

पाच वेळा ठरलेल्या आहेत. पेशंटला हात लावण्याआधी. इंजेक्शन, ड्रेसिंग, कॅथेटर असं निर्जंतुक काम करण्याआधी. रक्त, लघवी, थुंकी यांच्याशी संबंध आल्यावर. पेशंटला हात लावून झाल्यावर. आणि पेशंटच्या कॉट, लॉकर, सलाईन स्टँडला हात लागल्यावर. शेवटची वेळ सगळ्यांत जास्त चुकते, कारण 'मी पेशंटला शिवलेच नाही' असं वाटतं.

साबण-पाण्याने ४० ते ६० सेकंद, हॅन्डरबने (हाताला चोळायच्या अल्कोहोलच्या द्रावणाने) २० ते ३० सेकंद. मी मुलींना अंगठा आणि बोटांची टोकं दाखवायला सांगते. तळहात सगळ्याच चोळतात. अंगठा मुठीत धरून फिरवणं आणि नखं तळहातावर घासणं राहून जातं, आणि शिरेवर टेकतात ती नेमकी हीच बोटं. अंगठी, घड्याळ, बांगड्या ड्युटीवर काढून ठेवायच्या. सणासुदीला घरून कुरकुर होते, पण बांगड्यांखालची कातडी धुतलीच जात नाही.

हे ज्ञान फार जुनं नाही. १८४७ मध्ये व्हिएन्नात सेमेलवाइस या डॉक्टरने प्रसूती वॉर्डात येण्याआधी क्लोरीनच्या पाण्याने हात धुवायला लावले आणि बाळंतिणींचे मृत्यू झपाट्याने घटले. सहकाऱ्यांनी त्याला वेड्यात काढलं. आजही हात धुवा म्हणणाऱ्या सिस्टरकडे लोक तसंच बघतात, असो.

ग्लोव्हज घातले म्हणजे हात धुतले असं होत नाही. एकच जोडी घालून चार पेशंट करणारी व्यक्ती स्वतःचे हात वाचवते आणि जंतू फिरवते.

नळाला पाणीच नसेल तर?

हा प्रश्न पुस्तकात नसतो, आपल्याकडे दर उन्हाळ्यात असतो. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. त्या दिवसांत काय, आणि टँकरवर चालणाऱ्या आरोग्य केंद्रात काय, नियम बदलत नाहीत, पद्धत बदलते.

हात दिसायला स्वच्छ असतील तर हॅन्डरब पुरतो, किंबहुना तोच जास्त चांगला. त्यात अल्कोहोल ६० टक्क्यांपेक्षा जास्त हवं. जागतिक आरोग्य संघटनेने रुग्णालयात बनवता येईल असं मिश्रण दिलंय: ८० टक्के इथेनॉल, १.४५ टक्के ग्लिसरॉल, ०.१२५ टक्के हायड्रोजन पेरॉक्साइड. ग्लिसरॉल असतं म्हणून हात फुटत नाहीत. पण हाताला रक्त, विष्ठा, पू लागला असेल तर साबण-पाणीच. जुलाबाच्या पेशंटनंतरही साबण-पाणीच, कारण क्लॉस्ट्रिडियम डिफिसिलसारख्या जंतूंचे बीजाणू (टणक कवचातली सुप्त रूपं) अल्कोहोलने मरत नाहीत.

पाणी वाचवायचं असेल तर तोटी लावलेली बादली ठेवा. हात ओले करा, तोटी बंद करा, साबणाने पूर्ण चोळा, मग पुन्हा तोटी उघडा. सगळ्यांनी एकाच बादलीत हात बुडवणं म्हणजे एकाचे जंतू सगळ्यांना वाटणं. तारेवर लटकवलेला सार्वजनिक टॉवेल तर आजच काढून टाका.

आणि साठवलेल्या पाण्याचा दुसरा धोका: डेंग्यूचा डास साचलेल्या स्वच्छ पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. म्हणून पिंप, रांजण, हौद आठवड्यातून एकदा रिकामे करून घासायचे आणि झाकून ठेवायचे. टँकरचं पाणी ओतून द्यायला जीव होत नाही हे खरं. मग ते कापडाने गाळून दुसऱ्या भांड्यात घ्या आणि रिकामं पिंप आतून घासा, अंडी कडेला चिकटलेली असतात.

"सिस्टर, सलाईन लावा की, अंगात जीवच राहिला नाही."

५ टक्के डेक्स्ट्रोजच्या ५०० मिलिलिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम साखर असते, म्हणजे शंभरच्या आतबाहेर कॅलरी. एका ज्वारीच्या भाकरीत याहून जास्त असतात. नॉर्मल सलाईनमध्ये तर नुसतं मीठ आणि पाणी. पेशंट तोंडाने घेऊ शकत असेल तर भाकरी, वरण, ताक, ओआरएस हेच बरं. सलाईनचा उपयोग उलट्या, जुलाब, रक्तस्राव, ऑपरेशन, शिरेतून द्यायची औषधं यांसाठी.

आणि प्रत्येक इंट्राकॅथ ही रक्तात जायची थेट वाट आहे. दर शिफ्टला ती जागा उघड्या डोळ्यांनी बघायची. पट्टीच्या कडेशी बोट हळूच दाबलं की पेशंट हात आखडतो, मग सुईच्या टोकापासून कोपराकडे बोटभर गुलाबी रेघ दिसते, आणि दुसऱ्या दिवशी तीच शीर दोरीसारखी कडक लागते. पहिल्या आखडण्यालाच काढायची. 'अजून एक डोस राहिलाय, तेवढा जाऊ द्या' हा युक्तिवाद ऐकायचा नाही. औषध सोडण्याआधी इंट्राकॅथचं तोंड अल्कोहोल स्वॅबने १५ सेकंद घासून वाळू द्यायचं. फुंकर मारून वाळवणारेही पाहिलेत. फुंकरीबरोबर तोंडातले जंतू जातात.

लघवीची नळी किती दिवस ठेवायची?

लागेल तेवढीच, आणि लागते का हे रोज विचारायचं. चादर खराब होऊ नये म्हणून नळी, हे कारण चालणार नाही.

एक दृश्य प्रत्येक दवाखान्यात दिसतं. पेशंटला सोनोग्राफीला न्यायचंय, स्ट्रेचरवर घेतात आणि युरोबॅग (लघवीची पिशवी) लोंबू नये म्हणून कोणीतरी ती उचलून त्याच्या पोटावर ठेवतं. पिशवीतली जुनी लघवी नळीतून परत मूत्राशयात उतरते. पिशवी नेहमी मूत्राशयाच्या खाली आणि जमिनीच्या वर. हलवण्याआधी रिकामी करा, मग स्ट्रेचरच्या कडेला अडकवा. हे नर्सपेक्षा वॉर्डातल्या मदतनीस मामा-मावशींना आणि नातेवाईकांना आधी शिकवायला हवं, कारण पिशवी तेच उचलतात.

भेटायला किती जणांनी यावं?

एकाने. सर्दी-खोकला असेल तर त्यानेही नाही. जीपभर माणसं येण्यात माया असते हे मान्य, पण आयसीयूच्या दारातून ती फोनवर पोचवा. कॉटवर बसू नका, चप्पल बाहेर काढल्याने जंतू थांबत नाहीत, हात धुतल्याने थांबतात.

जखमेवर हळद, राख, चुना, तंबाखू?

नाही. भाजल्यावर टूथपेस्ट किंवा शाईही नाही. वाहतं स्वच्छ पाणी, साबण, स्वच्छ कापड आणि धनुर्वाताचं इंजेक्शन.

"जरा भारी पॉवरची गोळी द्या, लवकर फरक पडेल."

विषाणूमुळे झालेल्या सर्दी-खोकल्यावर अँटिबायोटिकचा काडीचा उपयोग नाही, मग ती पाच रुपयांची असो की पाचशेची. उलट आतड्यातले उपयोगी जंतू मरतात, जे एरवी वाईट जंतूंना जागाच मिळू देत नाहीत. उरतात ते औषधाला न जुमानणारे, आणि ते त्याच घरात, त्याच वॉर्डात पसरतात. शेजाऱ्याच्या उरलेल्या गोळ्या घेऊ नका. डॉक्टरांनी सांगितलेला कोर्स बरं वाटलं म्हणून मध्येच सोडू नका.

सुई टोचली तर?

हे नीट वाचा, विशेषतः पहिल्यांदा पोस्टिंगला जाणाऱ्यांनी.

बोट तोंडात घालायचं नाही. दाबून रक्त काढायचं नाही. स्पिरिट, ब्लीच ओतायचं नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवायचं. डोळ्यात उडालं तर भरपूर पाण्याने धुवायचं. मग लगेच इन्चार्ज सिस्टरना सांगायचं आणि नोंद करायची. रागावतील म्हणून लपवणाऱ्या मुली दर बॅचला असतात, आणि औषधाचे तास त्यातच जातात. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध शक्यतो दोन तासांत सुरू व्हावं, ७२ तासांनंतर त्याचा भरवसा राहत नाही, आणि ते २८ दिवस घ्यायचं असतं.

एचआयव्हीबाधित रक्ताच्या सुईने संसर्ग होण्याची शक्यता साधारण हजारात तीन आहे. हिपॅटायटिस बीची, लस न घेतलेल्या व्यक्तीला, शंभरात तीसपर्यंत जाऊ शकते. सगळे एचआयव्हीला घाबरतात आणि हिपॅटायटिस बीची लस अर्धवट सोडतात. तीन डोस आहेत: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. शेवटच्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्त तपासून प्रतिपिंडांची पातळी १० च्या वर आहे का पाहून घ्या.

सुईवर टोपण पुन्हा बसवायचं नाही. वापरली की नीडल कटर, आणि तिथून पांढऱ्या न फुटणाऱ्या डब्यात.

कचऱ्याचे रंग लक्षात राहत नाहीत.

२०१६ च्या नियमांप्रमाणे चार आहेत. पिवळ्यात रक्ताने भिजलेला कापूस, ड्रेसिंग, बाळंतपणातली वार, मुदत संपलेली औषधं. लाल रंगात प्लास्टिक: सलाईनच्या बाटल्या, सेट, कॅथेटर, युरोबॅग, सुई काढलेली सिरिंज, ग्लोव्हज. पांढऱ्यात टोकदार वस्तू, निळ्यात काच. नातेवाईकांचे केळीचे साल आणि बिस्किटाचे पुडे यांतल्या कशातच नाहीत, त्यांना साधी बादली.

फरशीवर रक्त सांडलं तर ग्लोव्हज घाला, कापड किंवा कागद टाकून झाका, त्यावर १ टक्का हायपोक्लोराइट (ब्लीचचं द्रावण) ओता, किमान १० मिनिटं थांबा, मग पुसा. तयार द्रावण नसेल तर ३३ टक्क्यांची ब्लीचिंग पावडर लिटरमागे ३० ग्रॅम. रोज ताजं बनवा. उघड्या बादलीतलं कालचं द्रावण म्हणजे जवळपास वासाचं पाणी.

घरचे म्हणतात टीबी वॉर्डात ड्युटी घेऊ नको.

काळजी समजण्यासारखी आहे. पण टीबीचा जंतू फुप्फुसात गेलेल्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकच आयुष्यात कधीतरी आजारी पडतात. बाकीच्यांत मॅक्रोफेज आणि टी-पेशी त्याला घेरून कोंडून ठेवतात. साखर, कुपोषण, एचआयव्ही, स्टिरॉइड यांमुळे तो घेरा सुटतो. तुम्हाला यांतलं काही असेल तर इन्चार्जला तसं सांगा, त्यात लाज नाही.

टीबी हवेतून पसरतो म्हणून समोरासमोरच्या दोन्ही खिडक्या उघड्या हव्यात. पेशंटला साधा सर्जिकल मास्क, तुम्हाला एन-९५. नाकावरची पट्टी दाबून कडेने हवा जाते का ते तपासा. सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना संसर्ग होऊन १० मार्च १८९७ ला गेल्या. त्यांच्याजवळ ना मास्क होता ना औषध. आज दोन्ही आहेत, त्यामुळे ते न वापरता झोकून देण्याला मी सेवा म्हणणार नाही.

प्रतिकारशक्ती वाढवायला कोणता काढा घ्यावा?

कोणताच काढा प्रतिपिंडं घडवत नाही. ती प्रथिनांची बनलेली असतात. डाळ, शेंगदाणे, दूध, अंडी, मटकी. पुरेशी झोप. साखर ताब्यात. तंबाखू बंद. आणि वेळेवर लसी. ऑपरेशननंतर 'पू होतो' म्हणून डाळ आणि अंडी बंद करणारे घरोघरी आहेत. जखम भरायला जे लागतं तेच ताटातून काढून घेतात.

बाळाला चीक पाजायचा की पिळून टाकायचा?

पाजायचा, जन्मल्यापासून तासाभरात. सिझेरियन असलं तरी. आईकडून काही प्रतिपिंडं वारेतून बाळात आलेली असतात, ती पुढे काही महिने टिकतात. चिकातून येतात ती आतड्याच्या आतल्या बाजूवर लेप दिल्यासारखी बसतात. मध, घुट्टी, साखरपाणी नको. सहा महिने फक्त आईचं दूध. नाळ कोरडी ठेवा, तेल-हळद, राख, शेण काही नको. बाळंतपणातला धनुर्वात भारतातून हटल्याचं २०१५ मध्ये जाहीर झालं, ते मुख्यतः लस आणि स्वच्छ नाळ यांच्या बळावर.

आम्ही ऊसतोडीला जातो. गोळ्या आणि डोस मध्येच राहतात, मग काय?

बीड, जालना, परभणी भागातल्या आशाताईंचा हा दरवर्षीचा प्रश्न. दिवाळीच्या आसपास टोळी निघते, मार्च-एप्रिलला परतते. टीबीचा कोर्स सहा महिन्यांचा. म्हणजे मधला बराचसा काळ कोपीवर (फडाजवळच्या तात्पुरत्या झोपडीत) जाणार. निक्षय (टीबी पेशंटची सरकारी ऑनलाइन नोंद) नोंदणी असेल तर गोळ्या कारखान्याजवळच्या सरकारी दवाखान्यातूनही मिळतात, त्यासाठी निघण्याआधी बदलीची नोंद करून घ्यावी लागते. पोषणासाठी दरमहा मिळणारी रक्कम नोव्हेंबर २०२४ पासून ५०० ची १,००० रुपये झाली आहे. ती बँक खात्यातच येते, म्हणून खातं चालू आहे का पाहा. पेशंटसोबत एकाच कोपीत झोपणाऱ्या लहान मुलांची तपासणीही निघण्याआधीच करून घ्या.

बाळाच्या लसी दीड, अडीच, साडेतीन महिने, नऊ महिने आणि दीड वर्ष अशा पडतात. डोस चुकला तर पहिल्यापासून सुरुवात करायची नसते, राहिला तिथून पुढे चालू करायचं. आशाताईंनी टोळी निघायच्या आठवडाभर आधी मुकादमाकडून कारखान्याचं नाव आणि फडाचं गाव लिहून घ्यावं, आणि लसीकरण कार्डाच्या दोन्ही बाजूंचा फोटो आई-बाप दोघांच्याही मोबाइलमध्ये टाकून द्यावा. कागदी कार्ड बैलगाडीतल्या गाठोड्यात पहिल्याच पावसात विरघळतं.